पुन्हा म्हणावंसं वाटतं ते
साहित्याच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकासाठी प्रस्तावना

साहित्याच्या वर्गात पहिल्या तासाला मी काही शिकवत नाही. कोरे कागद वाटतो आणि विद्यार्थ्यांना सांगतो, तुम्हाला तोंडपाठ असलेलं, पण कुणीही पाठ करायला न सांगितलेलं, जे काही असेल ते लिहा. पाढे नकोत, परीक्षेसाठी घोकलेल्या कविता नकोत. थोडा वेळ वर्गात चुळबुळ होते, मग हळूहळू पेनं चालू लागतात. गोळा झालेल्या कागदांवर सिनेमाची गाणी असतात, पाळणे असतात, भोंडल्याची गाणी असतात. एखादा अभंग, भीमजयंतीला ऐकलेलं गाणं, लग्नातला उखाणा, आजोबांच्या गोष्टीतलं एकच वाक्य. आणि जवळजवळ दरवर्षी कुणीतरी कागद हातात देताना जरा ओशाळून विचारतं, “सर, पण हे साहित्य आहे का?”

हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात साहित्याची एक जागा ठरलेली असते. ती उंचावर असते, काचेच्या कपाटात असते, आणि तिथे आपल्या घरातलं काही शोभणार नाही अशी त्याची खात्री असते. ही खात्री त्याला शाळेने दिली, पुस्तकांनी दिली, कधी आम्ही शिक्षकांनीही दिली. ती आधी दूर करायला हवी, आणि त्यासाठी शब्दापासूनच सुरुवात केलेली बरी.

मराठीतलं कुठलंही पाककृतीचं पुस्तक उघडलं तर वर ‘साहित्य’ आणि खाली ‘कृती’ असं लिहिलेलं सापडतं. पूजेचं साहित्य असतं, शिवणाचं असतं, बांधकामाचंही असतं. कुठल्याही कामासाठी जे एकत्र आणून ठेवायचं, ते साहित्य. या शब्दाच्या मुळाशी ‘सहित’ आहे, म्हणजे सोबत असणं, आणि संस्कृत काव्यशास्त्रातही हाच अर्थ जागा आहे. शब्द आणि अर्थ एकमेकांसोबत आले की काव्य होतं, असं भामहाने मांडलं, आणि पुढच्या शतकांतल्या आचार्यांनी त्या सोबतीचं स्वरूप काय यावर आयुष्यं वेचली. राजशेखराने वाणीतून निघालेल्या सगळ्याला वाङ्मय म्हटलं आणि त्याचे शास्त्र व काव्य असे दोन भाग केले. मराठीने वाङ्मय आणि साहित्य हे दोन्ही शब्द ठेवले, हे आपलं भाग्यच.

इतर भाषांनी याच गोष्टीला दुसऱ्या बाजूंनी हात घातला. युरोपातल्या भाषांनी लॅटिनमधला जो शब्द घेतला, त्याचं मूळ अक्षरात आहे. म्हणजे लिहिलं जातं ते साहित्य. अरबी-फारसीतून उर्दूत आलेला ‘अदब’ हा शब्द साहित्यालाही लागतो आणि शिष्टाचारालाही. आपण मराठीत अदबीने बोलणं म्हणतो, ते याच शब्दाचं भावंड. चिनी भाषेतल्या ‘वेन’ या शब्दात नक्षीचा, विणीचा अर्थ आहे. कुणी अक्षर पाहिलं, कुणी वागण्यातली रीत पाहिली, कुणी वीण पाहिली. आपण सोबत पाहिली. मला स्वतःला आपला शब्द अधिक जवळचा वाटतो, आणि त्यामागे केवळ भाषेचं प्रेम नाही. अक्षराची अट घातली की जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी दाराबाहेर राहतात. सोबतीची अट घातली की त्या घराच्या मधोमध येऊन बसतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. माणसं दिवसभर बोलतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं त्याच दिवशी विरून जातं. ते विरायलाच हवं. भाजीचा भाव जन्मभर लक्षात ठेवून काय करायचं? पण काही बोलणं असं निघतं की ऐकणाऱ्याला ते पुन्हा म्हणावंसं वाटतं. तो ते दुसऱ्याला ऐकवतो, दुसरा तिसऱ्याला. कुणी ते पाठ करतो, कुणी लिहून ठेवतो, कुणी पोथीला रुमाल बांधून जपतो. पुन्हा म्हणावंसं वाटलेलं आणि म्हणून जपलेलं बोलणं म्हणजे साहित्य. मग खरा प्रश्न उरतो तो हा, की ते पुन्हा का म्हणावंसं वाटतं?

याचं उत्तर शोधायला मी ग्रंथालयाआधी जात्याकडे जातो. पिठाची गिरणी येईपर्यंत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली पहाट जात्याच्या घरघरीने उजाडायची. दोघी समोरासमोर बसायच्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, आणि एकीचा मोकळा हात मूठ मूठ दाणे जात्याच्या तोंडात घालायचा. दगड जड, झोप अपुरी, दिवसाची सगळी कामं पुढे. त्या वेळी त्या ओव्या म्हणायच्या. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अनेक वर्षं गावोगाव फिरून, सहकारी कार्यकर्त्यांच्या मदतीने, अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जगातल्या कुठल्याही भाषेला अभिमान वाटावा असं हे भांडार आहे, आणि ते ज्यांच्या तोंडून आलं त्यातल्या बहुतेकींनी हातात पाटी धरली नव्हती.

या ओव्यांमध्ये काय आहे? माहेर आहे, भाऊ आहे, भावजयीचा तुटकपणा आहे, पंढरीची वाट आहे, लेकीचा जन्म आहे. सीता तर फार आहे. ग्रंथांतल्या रामायणात सीतेचा वनवास ही राजधर्माची कथा होते. जात्यावर मात्र तो सरळ सासुरवास होतो. तिथे रामाला जाब विचारला जातो, रानातल्या झाडाझुडपांना तिची कणव येते, आणि दळणारी बाई तिच्यासाठी हळहळता हळहळता स्वतःचंही बोलून घेते. पुढच्या काळात याच जात्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या ओव्या आल्या. नवा माणूस, नवा उजेड, आणि तो सांगायला जुनीच चाल.

ओव्या गोळा करणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. बाईला समोर बसवून ‘म्हणा’ म्हटलं की तिला ओवी आठवत नाही. जात्याशी बसली, खुंट्याला हात लागला, की एकामागून एक सुचत जातात. ओवी नुसती स्मरणात नव्हती. ती दंडात होती, दगडाच्या फेऱ्यात होती. साहित्य म्हणजे कागदावरचा मजकूर अशी सवय झालेल्या आपल्यासारख्यांनी यावर थोडं थांबून विचार करावा.

आता मूळ प्रश्न. एकीने रचलेली ओवी दुसरीने का उचलली? कारण ओवीत जागा असते. भावाचं नाव बदला, गावाचं नाव बदला, ओवी तुमची झाली. जिने पहिल्यांदा म्हटली तिचं दुःख त्यात आहेच, पण ते तिने अशा बेताने मांडलं की तिथे दुसरीला येऊन बसता यावं. आपल्या काव्यशास्त्रात भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ म्हणून जो विचार मांडला आणि अभिनवगुप्ताने जो पुढे नेला, तो नेमका हाच. रंगमंचावरचं दुःख पाहणाऱ्याला भिडतं, पण ते ना पूर्ण नटाचं असतं, ना पूर्ण त्याचं स्वतःचं. मालकी सुटते म्हणूनच ते चाखता येतं. हा सिद्धांत नाट्यगृहासाठी मांडला गेला आणि आपण तो पदवीच्या परीक्षेसाठी वाचतो. त्याचा अर्थ मला मात्र समजला तो ओव्या वाचताना. काश्मीरचे ते पंडित आणि दळण दळणाऱ्या बाया कधी एकमेकांना भेटल्या नाहीत, तरी दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती.

तोंडी रचत, बदलत म्हणण्याची ही रीत आपल्यापुरतीच आहे असंही नाही. १९३०च्या दशकात मिल्मन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक युगोस्लाव्हियात गेला. होमरची महाकाव्यं कशी रचली गेली असतील, या कोड्याचं उत्तर त्याला ग्रीक हस्तलिखितांपेक्षा जिवंत गायकांकडे मिळेल असं वाटत होतं. त्याला अव्दो मेजेदोविच नावाचा गायक भेटला. त्याने सांगितलेलं एक काव्य बारा हजारांहून अधिक ओळींचं भरलं. हे गायक पाठांतर करून म्हणत नव्हते. ठरीव शब्दबंध, ठरीव प्रसंग हाताशी घेऊन दर वेळी नव्याने रचत होते. जागरणाच्या रात्री गोंधळ्याला आख्यान रंगवताना ज्याने ऐकलं आहे, किंवा कीर्तनकाराला पूर्वरंगातून उत्तररंगात शिरताना पाहिलं आहे, त्याला यात परकं काही वाटणार नाही.

पुन्हा म्हणण्याइतकंच महत्त्वाचं असतं जपणं, आणि जपणाऱ्यांविषयी साहित्याच्या इतिहासात फार कमी लिहिलं जातं. म्हणून या पुस्तकात त्यांना मी मुद्दाम पुढे घेतलं आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी त्या टिपून घेतल्या. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. त्यानंतर हे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत गेलं आणि कित्येक शतकं पंथाबाहेरच्या कुणालाही वाचता आलं नाही. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचं कुलूप उघडलं, तेव्हा आपलीच सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीची बोली मराठी माणसाने जणू पहिल्यांदा ऐकली.

याच परंपरेतला आणखी एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. केशोबासांना संस्कृतात लिहायचं होतं. ते विद्वान होते, त्यांना ते सहज जमलं असतं. पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं, की संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. भाषा निवडताना विद्वत्सभेचा विचार न करता समोर बसलेल्या म्हाताऱ्यांचा विचार करणारा हा निर्णय मराठी साहित्याच्या पायाशी आहे. त्याच सुमारास, १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ती जशी लोकांना आवडली तशी हातोहात उतरवली गेली, आणि उतरवणाऱ्यांनी प्रेमाने आपल्याही ओव्या तिच्यात मिसळल्या. १५८४ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी तीत भर घालू नये अशी ताकीदही दिली. जात्यावरच्या ओवीत भर घालणं हा तिचा प्राण, ज्ञानेश्वरीत भर घालणं हा अपराध. दोन्ही गोष्टी प्रेमापोटीच झाल्या. साहित्याचा अभ्यास करायचा म्हणजे हे दोन्ही प्रकारचं जपणं ओळखता यायला हवं.

कधी जपण्याला जिवाची जोखीम असते. स्टालिनच्या काळात रशियन कवयित्री आना अख्मातोवाचा मुलगा तुरुंगात होता आणि लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगेत ती इतर आयांबरोबर महिनोन् महिने उभी राहिली. त्यातून ‘रेक्विएम’ हे काव्य आलं. ते घरात लिहून ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून ती एखाद्या मैत्रिणीला कागदावर ओळी दाखवी, मैत्रीण त्या पाठ करी, आणि कागद तिथेच जाळला जाई. वर्षानुवर्षं ते काव्य काही मोजक्या माणसांच्या डोक्यात राहिलं. ते पहिल्यांदा पुस्तकरूपाने छापलं गेलं १९६३ साली, आणि तेही देशाबाहेर, म्युनिकमध्ये. पोट भरण्यासाठी, निवाऱ्यासाठी, औषधासाठी याचा काही उपयोग नव्हता. तरी माणसांनी ते जपलं. संस्कृतीत साहित्याचं स्थान काय, असं कुणी विचारलं तर मी व्याख्येआधी ही गोष्ट सांगतो.

मात्र जपण्याच्या या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून लिहिलेली प्रस्तावना अप्रामाणिक ठरेल. काय जपायचं हे कोण ठरवतं? १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला. तो फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या, अवघ्या चौदा वर्षांच्या मांग जातीच्या मुलीचा होता. मांग-महारांच्या दुःखाविषयी ती लिहिते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांविषयी लिहिते. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर मग आमचा धर्म कोणता, असं थेट विचारते. मराठी निबंध बाल्यावस्थेत असतानाचं हे लेखन. विचाराची धार आणि वाक्याची सरळ ठेवण पाहिली तर त्या काळात त्याच्या तोडीचं फार थोडं सापडेल. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी मुक्ताबाईला दीर्घकाळ जागा दिली नाही. बोलणं मोलाचं होतं, पण ते पुन्हा म्हणणारे हात आणि ओठ सत्तेच्या जागी नव्हते. १८८५ मध्ये महात्मा फुल्यांना मराठी ग्रंथकार सभेचं आमंत्रण आलं, तेव्हा त्यांनी ते पत्र लिहून नाकारलं. माणसामाणसांतले हक्क जे खुशीने मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा रोख होता. साहित्य म्हणजे सोबत, हे मी वर म्हटलं. फुल्यांनी विचारलं, कुणाची सोबत?

त्या प्रश्नाला मोठं उत्तर मिळायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. १९७२ साली दलित कवी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्या प्रस्तावनेविषयी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण नामवंत नाटककार असूनही तेंडुलकरांना त्या कवितांतले कितीतरी शब्द परके होते, आणि ते त्यांनी कवीकडून समजून घेतले. शब्द मराठीच होते, मुंबईच्याच एका वस्तीत रोज बोलले जात होते. त्याआधी वीस वर्षं, १९५२ मध्ये, ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, त्याची कथाही अशीच. सोपानदेवांनी आईची गाणी टिपून ठेवली होती, पण ती कुणाला दाखवताना त्यांना संकोच वाटत होता. आई गेल्यावर ती वही अत्र्यांपर्यंत पोचली. माझ्या वर्गात कागद देताना ओशाळणाऱ्या मुलाचा प्रश्न आणि सोपानदेवांचा संकोच एकाच जातीचे आहेत, असं मला वाटतं.

माझ्या व्याख्येला सगळ्यात कठीण जाणारं उदाहरण शेवटी घेतो. पुन्हा म्हणणारं कुणीच उरलं नाही तर? इसवी सनापूर्वी ६१२ साली निनेव्हे शहर पडलं आणि जळलं. अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेल्या. काही तर त्या आगीत भाजून आणखी पक्क्या झाल्या. पुढे ती भाषा मेली, लिपी मेली, आणि त्या पाट्यांवर कोरलेली गिल्गमेशची कथा सुमारे दोन हजार वर्षं पृथ्वीवरच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हती. १८७२ मध्ये लंडनला ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथने त्यातली महापुराची पाटी वाचली आणि सगळीकडे खळबळ उडाली, कारण लोकांना त्यात बायबलमधला पूर दिसला. मला मात्र त्या काव्यातला दुसरा प्रसंग सोडत नाही. गिल्गमेशचा मित्र एन्किडू मरतो. गिल्गमेश सहा दिवस, सात रात्री त्याचं प्रेत सोडत नाही, पुरू देत नाही, नाकातून अळी बाहेर पडेपर्यंत. मग तो मरणाला घाबरून रानोमाळ धावत सुटतो. ज्याने आपलं माणूस गमावलं आहे त्याला या प्रसंगाचं भाष्य लागत नाही. म्हणणाऱ्यांची साखळी तुटली, पण बोलण्यातली जागा तशीच मोकळी राहिली, आणि दोन हजार वर्षांनी पहिला वाचक आला तेव्हा तो सरळ तिथे जाऊन बसला.

साहित्य माणसाला चांगलं बनवतं असं विधान या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. ज्या ओव्यांनी सासुरवाशिणीला बोलायला जागा दिली, त्याच ओव्यांनी लेकीला सोसायलाही शिकवलं. महाकाव्यांनी करुणा जागवली आणि उतरंडीही पवित्र केल्या. हे दोन्ही एकाच ग्रंथात, कधी एकाच ओळीत असतं. वाचकाने दोन्हीकडे पाहावं आणि मग आपलं मत बनवावं, एवढीच माझी अपेक्षा.

आता पुस्तकाविषयी थोडं. पहिलं प्रकरण जात्यापाशी सुरू होतं, दुसरं हालाच्या ‘गाथासप्तशती’कडे जातं. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांमध्ये गोदावरीकाठची गावं आहेत, शेतं आहेत, लपूनछपून भेटणारी माणसं आहेत. ओव्या वाचून तिकडे गेलात तर गाव ओळखीचा वाटेल. काव्यशास्त्र मी मुद्दाम मध्यावर ठेवलं आहे. आधी सिद्धांत आणि मग उदाहरण या क्रमाने मी शिकलो आणि त्यात माझी काही वर्षं कोरडी गेली; तुमची जाऊ नयेत. कादंबरीचं प्रकरण सर्वांत लांब आहे, कारण एकट्याने, मनातल्या मनात वाचणं ही माणसाची तुलनेने अलीकडची सवय आहे आणि तिने पुन्हा म्हणण्याचं काय केलं हे उलगडायला पानं लागतात. भाषांतरावरचं प्रकरण अपुरं आहे. ते मला आणखी लिहिता आलं असतं.

प्रत्येक प्रकरणाआधी एक पान कोरं सोडलं आहे. प्रकरण वाचण्यापूर्वी तिथे तुम्हाला न सांगता पाठ झालेलं काहीतरी लिहा. ओळ अर्धवट आठवत असेल तर अर्धवटच लिहा, आणि उरलेली कुणाला ठाऊक असेल त्याला विचारा. विचारताना त्या माणसाला घाई करू नका. ती ओळ त्याला हातातलं काम चालू असतानाच आठवेल, असंही होऊ शकतं.